मुळशीचे सेनापती
(द्वितीय वर्ष, कला)

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे आणि मुंबईत दादर-माहीमच्या बाजूने जाणारा सेनापती बापट मार्ग आहे. दोन्हीकडे दिवसरात्र वाहने धावतात. पत्ता सांगताना, रिक्षा ठरवताना, दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे हे नाव येते. पण हे सेनापती कोणत्या सैन्याचे, त्यांनी लढाई कुठे केली, ती जिंकली की हरली, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे भेटतील. मोठ्या माणसाचे नाव रस्त्याला दिले की त्याचे ऋण फिटले, असे आपल्याला वाटते की काय कोण जाणे!

म्हणून आपल्या वार्षिकासाठी काही लिहावे असे ठरले तेव्हा मी हा विषय घेतला. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, जाणकार नव्हे. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले आणि त्यातून जे समजले ते येथे मांडते आहे. पण ज्या प्रश्नापायी मी या चरित्राकडे वळले तो पुस्तकातला नाही, आमच्या घरातला आहे. तो पुढे येईलच. आधी माणसाची ओळख करून घेऊ.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पारनेर हे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, पाऊस बेताचा आणि जमीन कोरडी. घरची परिस्थिती साधारणच होती. पण मुलगा विलक्षण हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तो शिकला, १९०३ साली पदवीधर झाला आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली विलायतेला गेला. एडिंबरोमध्ये त्याने यंत्रशास्त्राचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे ज्याने धरणाला विरोध केला तो यंत्राला घाबरणारा अडाणी माणूस नव्हता. यंत्र कसे चालते हे त्याला ठाऊक होते.

विलायतेत बापटांचे लक्ष वर्गात राहिले नाही. इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची जी दशा झाली होती तिच्याविषयी ते जाहीरपणे बोलू लागले. सरकारच्या मर्जीवर मिळालेली शिष्यवृत्ती सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला कशी टिकणार? ती गेली. परदेशात, पैशावाचून, एखादा तरुण माफी मागून मोकळा झाला असता. बापट लंडनच्या इंडिया हाऊसकडे वळले. श्यामजी कृष्णवर्मा, सावरकर यांचा सहवास तेथे मिळाला. पुढे बंगालचे हेमचंद्र दास यांच्याबरोबर पॅरिसमध्ये बॉम्ब तयार करण्याची विद्या त्यांनी मिळवली आणि १९०८ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी मुझफ्फरपूरला बॉम्ब फेकला गेला, अलीपूरचा खटला उभा राहिला, आणि त्यात बापटांचेही नाव पुढे आले. तेव्हापासून सुमारे चार वर्षे ते भूमिगत होते. १९१२ साली पकडले गेले. पण पुराव्याअभावी त्यांना सोडावे लागले.

येथून पुढचा भाग मला विशेष वाटतो. सुटून आलेला हा क्रांतिकारक पारनेरला जाऊन हातात झाडू घेतो आणि गावचे रस्ते झाडू लागतो. १९१४ साली मुलगा झाला तेव्हा त्याच्या बारशाच्या जेवणात पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांची बसवली. तो काळ लक्षात घेतला म्हणजे या एका पंगतीला किती धैर्य लागले असेल याची कल्पना येते. नंतर पुण्यात येऊन त्यांनी चित्रमयजगत् या मासिकात आणि टिळकांच्या मराठा पत्रात काम केले; डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही ते होते. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करीत ते हिंडले. १९२० साली पत्नीचे निधन झाले. वय चाळीस. आयुष्याचा पूर्वार्ध येथे संपतो असे म्हणता येईल.

उत्तरार्धाचे नाव मुळशी.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मुळशी पेटा आहे. पावसाळ्यात येथे पाऊस नुसता कोसळत असतो. खाचरांत भात, त्यातही वासाचा आंबेमोहोर. या मावळात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे टाटांच्या वीज कंपनीने ठरवले. योजना हुशारीची होती यात शंका नाही. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे जाते. भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. ते धरणात अडवायचे, डोंगर पोखरून बोगद्याने पश्चिमेला वळवायचे आणि घाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांतून शेकडो मीटर खाली, कोकणातल्या भिऱ्याला सोडायचे. त्या जोराने चक्रे फिरतील, वीज तयार होईल आणि ती मुंबईला जाईल. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालेच होते. आता मुळशीची पाळी होती.

या योजनेत एकच अडचण होती. त्या खोऱ्यात माणसे राहत होती. सुमारे पन्नास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे पाण्याखाली जाणाऱ्या मुलखात होती. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होता. त्यात सार्वजनिक कामासाठी जशी जमीन घेता येत असे तशी कंपनीसाठीही घेता येत असे. जमीनवाल्याची संमती विचारण्याची त्यात गरज नव्हती. शेतात चाचणीचे चर खणले जाऊ लागले तेव्हा पुष्कळांना आपली जमीन जाणार हे प्रथम कळले.

शेतकऱ्यांनी प्राण गेला तरी जमीन सोडायची नाही असा निश्चय केला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम बंद पडले. बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या सत्याग्रहाचे पुढारी होते. याच लढ्यात लोकांनी बापटांना सेनापती म्हणायला सुरुवात केली. ज्या सैन्याजवळ तलवार नाही, घोडा नाही, गणवेश नाही, त्या सैन्याचे हे सेनापती! गांधीजींनीही त्या वेळी आपल्या साप्ताहिकातून टाटांना फेरविचाराची विनंती केली होती. कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे कबूल केले. पहिला डाव मावळ्यांनी जिंकला.

पण सहा महिने संपले आणि डिसेंबर १९२१ मध्ये लढा पुन्हा पेटला. या वेळी सरकारने हात राखला नाही. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. सत्याग्रहात बायकाही मागे राहिल्या नाहीत. त्यांनीही तुरुंग पाहिला. सेनापती आत जात, सुटून येत, पुन्हा जात.

हा लढा का मोडला याचा विचार आपण केला पाहिजे, कारण इतिहासात तो फारसा सांगितला जात नाही. मुळशीची बरीच जमीन तेथे राहणाऱ्यांच्या नावावर नव्हती. ती होती पुण्यात राहणाऱ्या जमीनदारांच्या आणि सावकारांच्या नावावर. त्यांना जमिनीच्या बदल्यात रोख पैसा मिळणार होता. जमीन गेली तरी त्यांच्या घरावरचे कौलही हलणार नव्हते. मग ते लढ्याच्या बाजूने कसे राहतील? आणि जो कूळ म्हणून राबत होता, ज्याने खाचर बांधले, ज्याच्या बापजाद्यांची हाडे त्या मातीत होती, त्याला मोबदल्यात जवळपास काहीच मिळणार नव्हते. कागदावर ज्याचे नाव त्याला भरपाई, आणि घामाने ज्याचे नाव त्याला काही नाही. शिवाय पुढाऱ्यांतही एकमत राहिले नाही. शहरातल्या पुष्कळांना हा प्रश्न मोबदल्याचा वाटे, मावळ्यांना तो जगण्याचा वाटे. हळूहळू एकेक गाव थकले. १९२४ सालापर्यंत सेनापतींच्या पाठीशी थोडीच माणसे उरली.

९ डिसेंबर १९२४ रोजी सेनापतींनी मोजक्या सोबत्यांसह रुळांवर अडथळा घालून धरणाच्या कामावरील माणसांची गाडी अडवली. त्या प्रसंगी शस्त्र चालले, माणसे जखमी झाली. हा सत्याग्रह नव्हे असे तेव्हाही अनेकांनी म्हटले, आणि मलाही तसेच वाटते. त्या गाडीत कंपनीचे मालक नव्हते. पोटासाठी आलेली माणसे होती. ज्याने आयुष्यभर गरिबाची बाजू घेतली त्याच्या हातून गरिबालाच इजा व्हावी, हे वाचताना वाईट वाटते. चरित्रनायकाच्या प्रत्येक गोष्टीला हार घालणे म्हणजे आदर नव्हे असे आमचे सर नेहमी सांगतात. मात्र सेनापतींनी त्याचे मोल स्वतः दिले. सात वर्षे सक्तमजुरी झाली आणि ती सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात त्यांनी एकाकी भोगली. ते तेथे असतानाच १९२७ साली धरण पुरे झाले. गावे बुडाली. भिऱ्याची चक्रे फिरू लागली.

आता घरातल्या प्रश्नाकडे येते.

आमचे मूळ गावही असेच एका धरणाखाली गेले. मी ते पाहिलेले नाही. माझ्या वडिलांनाही ते अंधुकच आठवते. आम्ही राहतो त्या वसाहतीला लोक अजून नवे गावठाण म्हणतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी वसाहतीत काही घरांना एका कार्यालयाकडून नोटिसा आल्या. एका नव्या कामासाठी जमिनीची एक पट्टी हवी होती, आणि जमीन तीच होती जी आजोबांना बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात, पुष्कळ वर्षे खेटे घातल्यावर, मिळाली होती. वडिलांनी नोटीस माझ्या हातात दिली. शेजारच्या दोन काकूही आपापले कागद घेऊन आल्या. मुलगी कॉलेजात आहे, तिला कळेल, असे त्यांना वाटले. मराठीच होती ती, पण हितसंबंधित व्यक्ती, विहित मुदत, हरकती अशा शब्दांनी भरलेली. मी दोनदा वाचून साध्या भाषेत सांगितली. हरकत घ्यायला किती दिवस आहेत हे सांगितले, आणि रात्री बसून सात घरांचे अर्ज लिहिले. ते प्रकरण अजून चालू आहे. काय होईल ते मला ठाऊक नाही. पण नोटीस ऐकून झाल्यावर आजी एवढेच विचारत राहिली की जमीन घेण्याआधी आपल्याला कोणी विचारले का? मागच्या वेळीही विचारले नव्हते आणि या वेळीही नाही.

हाच तो प्रश्न. मुळशीच्या मावळ्यांचाही हाच होता. तो वीज हवी की नको असा नाही. मी ज्या दिव्याखाली हा लेख लिहिते आहे तो विजेचाच आहे, आणि आमच्या वसाहतीत वीज उशिरा आली म्हणून माझ्या आत्यांचे शिक्षण चिमणीच्या उजेडात अडखळले हेही मी ऐकले आहे. तेव्हा धरण म्हणजे पाप असे म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही. खुद्द बापटांनाही यंत्राचे वावडे नव्हते. प्रश्न असा की उजेड एकाच्या घरात पडावा म्हणून दुसऱ्याचे घर बुडवायचे, तर ते कोणी ठरवायचे? आणि ज्याचे घर बुडते त्याला त्या बैठकीत जागा आहे की नाही?

सेनापतींच्या काळात पर्यावरण हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. आज अभ्यासक मुळशीला जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत मोजतात; राजेंद्र व्होरा यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. मावळ्यांनी मात्र नदी, माती, भात आणि माणूस असे वेगळे कप्पे केले नव्हते. नदी वळवली की माती जाते, माती गेली की भात जाते, भात गेले की माणूस शहराच्या फुटपाथवर जातो. एवढा सरळ त्यांचा हिशेब होता. आपण आज मोठ्या शब्दांत जे शिकतो ते त्यांना पायाखालच्या जमिनीने शिकवले होते.

१९३१ साली सुटून आल्यावर सेनापतींकडे महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्षपद आले. एवढा तुरुंग भोगलेल्या माणसाने आता विसावा घेतला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी असे भाषण केले की सरकारने पुन्हा लांबलचक शिक्षा ठोठावली. सुटायला १९३७ साल उजाडले. पुढे सुभाषबाबूंनी १९३९ साली फॉरवर्ड ब्लॉक काढला तेव्हा महाराष्ट्रात त्याची धुरा सेनापतींकडे होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. बॉम्बची विद्या शिकून आलेल्या त्या तरुणाच्या हातात आता स्वतंत्र देशाच्या झेंड्याची दोरी होती. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आले असेल?

स्वातंत्र्य आले, पण सेनापती निवृत्त झाले नाहीत. १९५५ च्या मे महिन्यात गोवामुक्तीच्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ते निघाले तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत विधानसभेवर गेलेल्या मोर्चाच्या अग्रभागी ते होते. सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी १९६६ साली त्यांनी उपोषण आरंभले. तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतर केंद्र सरकारने महाजन आयोग नेमला. आयोगाचा अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही ही गोष्ट वेगळी. पण एका वृद्धाच्या उपाशी देहाने दिल्लीला हलवले होते. या सगळ्या धामधुमीत त्यांनी श्रीअरविंदांचे तत्त्वज्ञान मराठीत आणण्याचे कामही केले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. १९७७ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

मंत्रिपद नाही, संपत्ती नाही, संस्था नाही. राजकारणात साठ वर्षे काढलेल्या या माणसाच्या पदरात हिशेबाने पाहता काय पडले? ज्या लढ्याने सेनापती हे नाव दिले तो लढाच हरलेला. मग या आयुष्याला यशस्वी म्हणावे की अपयशी?

मी याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधले. १८९४ चा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही साठ-पासष्ट वर्षे चालूच राहिला. कोयना झाले, इतर कितीतरी धरणे झाली, आणि उठलेल्या माणसांची गाऱ्हाणी साचत गेली. धरणग्रस्तांच्या चळवळी झाल्या, आणि महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला. अखेर २०१३ साली संसदेने नवा भूसंपादन कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून जुना कायदा गेला. नव्या कायद्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती लागते, समाजावर काय परिणाम होईल त्याची पाहणी करावी लागते, आणि जमीन नावावर नसलेल्या कुळालाही बाधित म्हणून मोजावे लागते. मुळशीच्या मावळ्यांनी जे मागितले होते त्यातले काही ब्याण्णव वर्षांनी कागदावर आले. त्याला पळवाटा आहेत, अपवाद आहेत, हे मी आमच्याच वसाहतीत पाहते आहे. पण विचारले पाहिजे हे आता तत्त्व म्हणून तरी कायद्याला मान्य आहे. हरलेली लढाई अशी उशिरा, तुकड्या-तुकड्यांनी जिंकली जाते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखे घरातले पहिलेच शिकणारे आहेत. पदवी घेऊन गावापासून लांब जावे, नोकरी लागावी, आईवडिलांना सुख द्यावे, हे आपले स्वप्न आहे आणि त्यात काही वावगे नाही. मलाही नोकरी हवी आहे. पण सेनापतींच्या आयुष्यातून मी एक गोष्ट घेतली. विलायतेत शिकलेल्या त्या माणसाने आपली विद्या मावळातल्या निरक्षर कुळाच्या शेजारी नेऊन बसवली. आपल्याला तुरुंगात जायला कोणी सांगत नाही. आपल्या आळीत एखाद्याच्या हाती न कळणारी नोटीस आली तर ती वाचून दाखवावी, मुदत सांगावी, अर्ज लिहून द्यावा, आणि अर्ज नाकारला गेला तर दुसरा लिहावा. एवढे शिक्षण आपल्याजवळ आजच आहे. त्यासाठी पदवीच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.